दीड हात भिंतीपलीकडे

मी एक जुना राऊटर आहे मित्रांनो, दोन अँटेनांचा आणि जरा बावळट. कितीतरी वर्षं मी औशाजवळच्या एका गावात, अमरनाथच्या कापडदुकानातल्या फळीवर बसून होतो. गिऱ्हाईक मोबाइलवरून पैसे देई, छोटा स्पीकर 'जमा झाले' म्हणे आणि अमरनाथ माझ्याकडे कौतुकाने बघे.

मग त्याचं लग्न झालं. त्याची बायको मंजुश्री दुकानामागच्या खोलीत बसून पुण्याच्या कंपनीचं काम करू लागली आणि माझी मती गुंग झाली. मी पूर्वीच्याच जोमाने हाका मारत होतो, पण तिच्यापर्यंत एकही पोचेना. मध्ये दीड हात जाडीची दगडी भिंत होती. मला बिचाऱ्याला भिंत म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं.

अमरनाथने परसातून वायर फिरवून मला मागे बसवलं, तर माकडांनी वायर तोडली. कंपनीने कळवलं, घरून जमत नसेल तर पुण्याला या. अमरनाथ लातूरला धावला. एक दुकानदार म्हणे अँटेना जास्त घ्या, दुसरा म्हणे बूस्टर लावा, तिसरा म्हणे दोन्ही घेऊ नका. शेवटी डोकं धरून तो सहा अँटेनांचा राऊटर घेऊन आला. मी विरलेल्या पोत्यात गेलो, त्यातून सगळं दिसे. माझं काय चुकलं, कुणी सांगेना.

नवाही त्या भिंतीपुढे थकला. मंजुश्री बॅग भरू लागली.

"भिंतीला भोक पाडून वायर न्यायची, एवढंच हाय न्हवं?" अमरनाथच्या आई बसम्मा यांनी विचारलं.

त्र्याण्णवच्या भूकंपात सगळं घर पडलं, तेव्हा ही एकच भिंत उभी राहिली होती. तिच्याच आडोशाला तान्ह्या अमरनाथला छातीशी धरून बसम्मा वाचल्या होत्या. तेव्हापासून तिच्यात कुणी खिळासुद्धा ठोकला नव्हता.

"ऱ्हाऊ द्या आत्या. मी जाते पुण्याला," मंजुश्री म्हणाली.

"तिनं माझं लेकरू राखलं म्हणून तिला जपलं. आता तीच माझ्या लेकीला घराबाहेर काढायली. पाड रे भोक, अमरनाथ."

ड्रिल चालू असताना बसम्मा भिंतीवर हात ठेवून उभ्या होत्या. डोळे पुसत होत्या, पण थांब म्हणाल्या नाहीत. नवा दुकानात राहिला. मला पोत्यातून काढून, पुसून मंजुश्रीच्या खोलीत बसवलं आणि भोकातून आलेली वायर जोडली. तिथे माझ्या दोन अँटेना पुरून उरल्या.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, एवढंच सांगून मी थांबणार होतो. पण बसम्मांनी जे केलं ते पाहून माझा पुन्हा गोंधळ उडालाय. आम्हाला पोत्यात टाकण्याआधी आमचं कुठे अडलंय ते एकदा बघा. आणि जे जपाल, ते घरातल्या माणसांसाठी जपा.