उशिराचा सूर

"उशीर होतो," हेडफोन मानेवर ओढत रत्नप्रभा म्हणाली. "बोट आधी पडतं आणि वीणा मागून वाजते."

दुकानदार मुरुगेसन पडद्यावर वाकला. त्यानं काहीतरी बदललं, बंद केलं, पुन्हा चालू केलं. "आता बघा, अम्मा. लाइट म्युझिकवाले सगळे हाच लॅपटॉप नेतात. स्टेजवर तापत नाही, मेमरी भरपूर, पंख्याचा आवाजसुद्धा येत नाही."

तिनं पुन्हा हेडफोन चढवले. उजव्या हाताचं पहिलं बोट कीबोर्डच्या पट्टीवर टेकवलं. सूर आला, पण हाक मारल्यावर माणूस दुसऱ्या खोलीतून ओ देतो, तसा.

रिची स्ट्रीटवरच्या या दुकानात ती सकाळपासून बसली होती. घरचा कीबोर्ड तिनं ऑटोतून सोबत आणला होता. त्या कीबोर्डला स्वतःचा आवाज नव्हता. वीणा, बासरी, नादस्वरम, तंबोरा, सगळी वाद्यं लॅपटॉपमध्ये. इथं बोट दाबायचं आणि तिथून ती वाजायची. भरतनाट्यमच्या कार्यक्रमांत वादकांचा अख्खा ताफा आणणं सगळ्यांना झेपत नाही. अशा ठिकाणी मृदंगाशेजारी रत्नप्रभा बसायची आणि एकटीच सगळ्यांचं काम करायची. चेन्नईतल्या कितीतरी मुलींचं अरंगेत्रम, म्हणजे रंगमंचावरचं पहिलं नृत्य, तिच्या बोटांवर पार पडलं होतं.

पण गेल्या महिन्यात मैलापूरच्या कार्यक्रमात ती मागे पडली. एकदा नाही, सारखी. झांजा वाजवणाऱ्या नृत्यगुरू श्रीदेवींनी मान वळवून पाहिलं. मृदंगवाल्यानं लय किंचित ओढून धरली, म्हणून नाचणारी मुलगी सावरली. "लॅपटॉप जुना झालाय, अक्का," नंतर श्रीदेवी म्हणाल्या, आणि रत्नप्रभानं ते कारण बुडत्यानं काडी धरावी तसं धरलं. यंत्र बदललं की झालं.

आणि आता हा तिसरा लॅपटॉप समोर होता. पहिल्या दोन्हींनीही तेच केलं होतं.

"ऐकिलं का," ती नवऱ्याकडे वळून घरच्या तंजावरी मराठीत म्हणाली, "तुम्ही बघा बरं वाजवून. मज कळेना."

राघोत्तम एग्मोरच्या रेल्वे कार्यालयातून निवृत्त झालेला. स्टुलावर कापडी पिशवी मांडीवर घेऊन तो शांत बसला होता. उठून त्यानं हेडफोन लावले, एक पट्टी दाबली, दुसरी दाबली. "लगेच वाजतं की," तो म्हणाला. मग बायकोच्या तोंडाकडे पाहून घाईनं पुढे म्हणाला, "पण मज त्यातलं अस्कं-सगळं कुठं कळतं? तुज पटेल तेच घेऊ."

मुरुगेसननं चहा मागवला. रत्नप्रभानं कागदी पेला उजव्या हातात धरला आणि हेडफोन कानांवर असतानाच, दुसरं काही सुचेना म्हणून, डाव्या हाताच्या बोटानं तीच पट्टी दाबली.

वीणा बोटाबरोबर वाजली.

तिनं पुन्हा दाबली. बोट आणि सूर एकत्र. तिनं चहा बाजूला ठेवला आणि त्याच पट्टीवर उजवं बोट टेकवलं. उशीर. डावं बोट, लगेच. उजवं, उशीर.

दुकानातला गोंगाट दूर गेला. यंत्राला डावं-उजवं कळत नाही. उशीर लॅपटॉपमध्ये नव्हताच. ती मनातून बोटाला 'पड' म्हणत होती आणि ते पडलंच असं धरत होती; बोट मात्र मागून, विचार करून पडत होतं.

तिला तंजावरचे आप्पा, तिचे वडील, आठवले. सदऱ्याच्या गुंडीशी झटणारी त्यांची बोटं. पुढे पुढे त्यांचा चेहरा हसायचाही थांबला होता. तेव्हा सगळे म्हणायचे, वय झालं. आप्पा तेव्हा तिच्या आजच्या वयाहून फार मोठे नव्हते.

"हाच द्या," ती मुरुगेसनला म्हणाली.

"हाच?" राघोत्तमनं विचारलं. "आत्ता तर उशीर होतो म्हणालीस."

"गेला उशीर," ती म्हणाली आणि त्याच्याकडे पाहिलं नाही.

तिरुवल्लिकेणीतल्या घरी लॅपटॉप आला. वाद्यं त्यात चढली. श्रीदेवींची शिष्या कीर्तना हिचं अरंगेत्रम जवळ येत होतं. राघोत्तम भाजी आणायला बाहेर पडला की रत्नप्रभा कीबोर्डसमोर बसायची आणि वर्णम वाजवून बघायची. वर्णम म्हणजे कार्यक्रमाचा कणा. लांबलचक, पुढे दुप्पट लयीत धावणारं. दुप्पट लय आली की उजव्या हाताची बोटं एकमेकांत अडकत. जिन्यावर नवऱ्याची पावलं वाजली की ती बंद करून उठायची. स्वयंपाक करताना, भाजी चिरताना ती आपल्याच हाताकडे चोरून बघायची, घरात शिरलेल्या परक्या माणसाकडे बघावं तशी. अंथरुणावर पडल्यावरही तो हात थांबलाय की हलतोय, हे तिला कळायचं. डॉक्टर हा शब्द मनात आला की ती दुसरं काम काढायची.

एका सकाळी ती दारापुढे कोलम, तांदळाच्या पिठाची रांगोळी, घालत होती. राघोत्तम उंबऱ्यात येऊन उभा राहिला.

"लहान होत चाललंय तुझं कोलम," तो म्हणाला.

तिनं खाली पाहिलं. ठिपके नेहमीएवढेच मांडायचे म्हणून तिनं मांडले होते. पण शेजारच्या दारातलं कोलम पायरीभर पसरलं होतं आणि तिचं ताटलीएवढंच भरलं होतं.

"समुद्रावर चालतो तेव्हा तुझा एक हात हलत नाही," तो पुढे म्हणाला. "कधीपासूनच पाहतों मी."

"मग बोलिलां का नाही?"

"तू सांगशील म्हणून वाट पाहिली." त्यानं दाराची चौकट धरली. "खोटं कशाला बोलू? मज भय वाटलं. बोललों तर ते खरं होईल, असं वाटलं."

पिठाची वाटी हातात तशीच धरून रत्नप्रभा पायरीवर बसली. "आप्पांसारखं झालं तर?" तिनं विचारलं. राघोत्तम तिच्याजवळ खाली बसला. रस्त्यावरून दूधवाला गेला, फुलवाली गेली. दोघांपैकी कुणीच उठलं नाही.

डॉक्टरांनी तिला अंगठा आणि बोट भराभर जुळवायला लावलं, चालायला लावलं, मनगट धरून वळवून पाहिलं. मग त्यांनी कंपवाताचं नाव घेतलं. आप्पांचा आजारही तोच होता, हे तिला आता कळलं. "आता औषधं बरी आहेत," ते म्हणाले. "पुष्कळ वर्षं नीट जातात. पण बोटांचा पूर्वीचा वेग येईलच, असं मी सांगणार नाही."

त्याच संध्याकाळी ती पेरुंगुडीला श्रीदेवींच्या वर्गात गेली. मुली घुंगरू सोडून घरी निघाल्या होत्या. ती सगळं एका दमात बोलली. थांबली असती तर बोलली नसती.

श्रीदेवींच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्या स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. "अक्का, कीर्तना सात वर्षांची असल्यापासून या दिवसासाठी राबतेय. वर्णमात तुम्ही मागे पडलात तर ती अडखळेल. मला भीती वाटते."

"मलाही," रत्नप्रभा म्हणाली. "म्हणून तर आले. वर्णमाला बासरीवाला बोलवा. खराखुरा. मी डाव्या हातानं तंबोरा धरीन. मधलं संथ, अभिनयाचं पदम तेवढं मला द्या. ते डाव्या हाताला जमेल."

"आणि नाही जमलं तर?"

"तर तालमीतच सांगेन. रंगमंचावर कळू देणार नाही."

श्रीदेवींनी मान हलवली. रत्नप्रभा घरी निघाली. बसमध्ये खिडकीशी बसल्यावर तिला रडू आलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं आपली जागा आपल्याच तोंडानं दुसऱ्याला देऊन टाकली होती.

अरंगेत्रमच्या दिवशी एग्मोरचं सभागृह भरलं होतं. मृदंगाशेजारच्या तिच्या नेहमीच्या जागी बासरीवाला बसला. ती त्याच्या मागे. नव्या लॅपटॉपचा पडदा गुडघ्यापाशी मंद उजळला होता. तिनं वाय-फाय बंद आहे ना, विजेची वायर घट्ट आहे ना, हे पुन्हा पुन्हा पाहिलं. उजवा हात पदराखाली मांडीवर होता. औषध सुरू होऊनही तो तिथं बारीक थरथरत होता.

वर्णम सुरू झालं. बासरी दुप्पट लयीत धावू लागली. या जागी आपली बोटं काय करायची ते रत्नप्रभाला स्वरन् स्वर ठाऊक होतं. ती ओठ मिटून तंबोऱ्याची पट्टी धरून बसली. कीर्तना कुठंही अडखळली नाही. टाळ्या पडल्या, त्या बासरीवाल्यानंही मान झुकवून घेतल्या.

मग पदम आलं. श्रीदेवींनी वळून पाहिलं. तिनं डावा हात वीणेच्या पट्ट्यांवर ठेवला आणि पहिला सूर दाबला. तो वेळेवर आला. दुसराही आला. दोन हातांची भरगच्च वीणा ती नव्हती. सुरांच्या मध्ये मोकळ्या जागा होत्या, आणि कीर्तना त्या मोकळ्या जागांत डोळे वळवीत, मान तिरकी करीत सावकाश नाचली. एका ठिकाणी बोट चुकीच्या पट्टीकडे निघालं. रत्नप्रभानं ते वरच्या वर धरलं. पदम संपेपर्यंत ती कुठंही मागे पडली नाही.

कार्यक्रम संपल्यावर कीर्तना वादकांच्या पाया पडायला आली. आधी गुरू, मग मृदंगवाला, मग बासरीवाला. शेवटी ती रत्नप्रभासमोर वाकली. रंगमंचाचा पडदा अजून उघडा होता आणि लोक पाहत होते.

रत्नप्रभाचा डावा हात उठला आणि मध्येच थांबला. डाव्या हातानं आशीर्वाद देत नाहीत.

तिनं पदराखालून उजवा हात बाहेर काढला. तो थरथरत, आपल्या वेळेनं मुलीच्या डोक्याकडे निघाला. कीर्तना तो पोचेपर्यंत वाकून थांबली.