कडू फवारा

लहानपणी सायकलवरून पडलो त्याचा व्रण माझ्या हनुवटीवर आहे. तो लपवायला विसाव्या वर्षी दाढी ठेवली, ती लग्नातही काढली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आमच्या कारखान्यात कार्बनच्या नळ्या बनतात, केसापेक्षा हजारो पट बारीक. आपल्याला दिसते ती नुसती काळी भुकटी, उसासा टाकला तरी उडणारी. मी तिच्या पिशव्या भरायचो. ती छातीत जाऊन पुढे काय करते ते कैक वर्षांनी कळेल, असं डॉक्टर सांगत; प्रयोगातल्या उंदरांच्या फुप्फुसांना मात्र सूज आली होती. मी काय उंदीर आहे, असं मी म्हणायचो.

मास्क चेहऱ्याला घट्ट बसतो का, ते कारखान्याच्या सिस्टर दरवर्षी तपासत. मास्कवरून डोक्यावर पारदर्शक टोपडं चढवायचं आणि आत कडू पाण्याचा फवारा मारायचा. कडू लागलं तर मास्कला फट आहे. मला दाढीपायी दरवेळी लागायचं. पण दाढी काढायला लावतील म्हणून मी 'नाही' म्हणायचो, आणि जुन्या सिस्टर सही करायच्या.

यंदा सिस्टर नव्या होत्या. माझं 'नाही' ऐकून त्यांनी माझ्या डोळ्यांकडे पाहिलं.

"औषध पाजल्यासारखं तोंड झालंय तुमचं. दाढी काढा, मग सही."

मी तणतणत सुपरवायझरकडे गेलो. माल अडेल म्हणून त्यांनीही रदबदली करून पाहिली, पण बाई जागच्या हलल्या नाहीत. माझी रवानगी गोदामात झाली. आठ दिवस मी त्यांच्या पाठीमागे नको नको ते बोललो.

नवव्या दिवशी हवेच्या तपासणीचा निकाल आला. माझ्या जागेवर भुकटी मर्यादेच्या कितीतरी वर होती. पिशव्या भरायच्या यंत्राचं रबर फाटलं होतं, कधीपासून ते कुणालाच ठाऊक नव्हतं. माझ्या जागी आलेल्याचा मास्क घट्ट होता, म्हणून तो निभावला. मी तडक डॉक्टरांकडे धावलो. घरी तीन वर्षांची मुलगी होती.

डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावलं, छातीचे फोटो काढले. थोडी सूज आहे, आणखी भुकटी गेली नाही तर उतरेल, वेळेवर थांबलात, असं ते म्हणाले. मी कुठला थांबतोय, मला थांबवलं होतं.

त्या संध्याकाळी दाढी काढली. एवढ्याशा ओरखड्यासाठी इतकी वर्षं, म्हणून बायको आधी हसली. मग सगळं ऐकून माझा शर्ट मुठीत धरून रडली.

तीन महिन्यांनी सूज उतरली. रबर कधीच बदललं होतं. मी पुन्हा टोपड्याखाली बसलो. बोलताना मास्क हलतो का ते पाहायला या चाचणीत मोठ्याने वाचावं लागतं. सिस्टरनी उताऱ्याचं कार्ड हातात दिलं, ते मी मांडीवर पालथं ठेवलं.

"सिस्टर, मी तुम्हाला खडूस म्हणायचो. तुम्ही अडून बसला नसतात तर मी अजून ती भुकटी ओढत असतो. माझी मुलगी मोठी झालेली मला बघायचीय. तुमचे उपकार..."

सिस्टरची नजर घड्याळावर होती. "बोलत राहा, अजून अर्धं मिनिट आहे," त्या म्हणाल्या आणि फवारा दाबला.

मग मी मुलीबद्दल बोलत राहिलो. डोळे वाहत होते, ते टोपड्यामुळे पुसताही येईनात.

"कडू लागतंय?"

"नाही," मी म्हणालो, आणि इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा खरं होतं.