पुठ्ठ्यात बांधलेला अर्ज

आमच्या धंद्यात वाचणारा माणूस उपाशी मरतो. बाइंडरनं पानावरचा आकडा बघावा, पान उलटं लागलं नाही ना एवढं बघावं आणि पुढं सरकावं. विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर माझं दुकान आहे, सव्वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत किती प्रबंध हातावेगळे केले त्याची मोजदाद नाही, आणि त्यातल्या एकातलीही ओळ मला सांगता यायची नाही. बेडकाच्या यकृतावरचा असो की कुठल्या राजाच्या कारभारावरचा, माझ्या लेखी ते डावीकडे दीड इंच समास सोडलेले कागद. हे मी लोकांना मोठ्या तोऱ्यात सांगायचो. त्या मंगळवारपर्यंत.

त्या सकाळी दुकान उघडलं तर कापायच्या यंत्राशेजारी कागदांचा एक गठ्ठा ठेवलेला. आमच्या मुंगीचा. मुंगी म्हणजे माझी मुलगी. रांगत होती तेव्हापासून स्वतःपेक्षा मोठं काहीतरी ओढत न्यायची सवय, म्हणून मुंगी. आता वीस वर्षांची आहे, मातीचा अभ्यास करते, आणि दुकानाची दुसरी किल्ली तिच्याकडे असते. कॉलेजला जाता जाता गठ्ठा ठेवून गेली होती. तो कसला ते मला न वाचताही कळलं. तिच्या विद्यापीठातली चार मुलं दरवर्षी सहा महिने परदेशी शिकायला जातात आणि तिकडची चार इकडं येतात. त्या अदलाबदलीचा हा अर्ज. शेवटची तारीख त्याच मंगळवारची, दुपारी चारपर्यंत.

आता खरं ते सांगतो. तिनं जावं असं मला वाटत नव्हतं. तोंडानं मी तसं कधी बोललो नाही. मी म्हणायचो, तिकडं थंडी फार. दुसऱ्या दिवशी म्हणायचो, तिकडचं पाणी बाधतं. तिसऱ्या दिवशी, माती काय इथं नाही का, पायाखाली बघ जरा. रोज जेवताना एक नवं खुसपट. मुंगी खाली मान घालून जेवायची. तिची आई दवाखान्यात औषधं द्यायच्या खिडकीवर बसते, दिवसभर दुसऱ्यांच्या पोटदुख्या ऐकते. ती म्हणायची, "थंडीचं राहू द्या हो. तुमच्या पोटात नेमकं कुठं दुखतंय ते बोला."

मी आणखी भात वाढून घ्यायचो.

पण तो गठ्ठा बघून मला राहवेना. वेगवेगळ्या आकाराचे कागद, एका कोपऱ्यात टाचणी, वर कसलासा चिटोरा, आणि मधे एक भलामोठा खाकी लिफाफा, सगळ्यांच्या बाहेर बोटभर डोकावणारा. म्हटलं, जायचं असेल तर जा बाई, पण बाइंडरच्या पोरीचा अर्ज असा चिंध्या लोंबत जायला नको. विद्यापीठाला बांधीव लागतं हे मला कुणी शिकवायला नको होतं. आजवर एक तरी पोरगा सुटे कागद घेऊन त्या फाटकातून आत गेलाय का?

मग काय, हात चालायला लागले. कागद ठोकून डावीकडं सारखे केले. दाभणानं तीन भोकं पाडली, दुहेरी दोरा ओवून घट्ट शिवण घातली, पाठीला पटकन वाळणारा गोंद लावला आणि गठ्ठा दाबाखाली ठेवला. वाळल्यावर यंत्रावर घेतला आणि तिन्ही बाजू साफ कापल्या. कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला तर कुठं अडकेना. जाड पुठ्ठा, वर गडद निळं रेक्झिन, आणि त्यावर सोनेरी अक्षरांत मुलीचं पूर्ण नाव. सव्वीस वर्षांत इतकं देखणं काम माझ्या हातून झालं नव्हतं. गिऱ्हाइकाला दाखवत बसलो.

दीड वाजता मुंगी धापा टाकत आली. "बाबा, कागद?"

मी पुस्तक तिच्या हातात ठेवलं आणि चष्मा पुसत उभा राहिलो. कौतुक ऐकायला माणूस जसा उभा राहतो तसा.

तिनं सोनेरी नाव वाचलं. मग उघडलं. मग पानं चाळत मधल्या लिफाफ्याशी आली, आणि तो लिफाफा राहिलाच नव्हता. एका बाजूनं शिवलेले, बाकी तीन बाजूंनी कापलेले दोन खाकी कागद, आणि त्यांच्यामधे एक पत्र.

"बाबा, हे सरांचं शिफारसपत्र होतं," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक. "ते बंद लिफाफ्यातच द्यायचं असतं. तोंडावर सरांची सही असते. उघडलेलं घेत नाहीत."

"मी कुठं उघडलं? मी कापलं."

"आणि बाकीचे कागद सुटे लागतात. स्कॅन करायला मशीनमधे एकेक घालतात ते."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. करायला गेलो एक आणि होऊन बसलं भलतंच. पोरीनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तिनं खुर्ची ओढली, माझी छोटी कात्री घेतली आणि शिवण उसवायला बसली. मी पुठ्ठा सोडवायला घेतला. गोंद मीच लावलेला, त्यामुळं सुटता सुटेना. पाठीवरून सुरी फिरवत एकेक पान मोकळं करायचं, फाटू द्यायचं नाही, आणि समोर घड्याळ. स्वतःच्या हातचं चांगलं काम उसवायला किती वेळ लागतो, हे मला त्या दिवशी कळलं.

पहिलं पान सुटलं. तो सकाळचा चिटोरा होता. मी तोही आत शिवला होता, पान क्रमांक एक म्हणून. मुंगीनं तो माझ्यापुढं सरकवला. तिच्याच अक्षरात लिहिलं होतं:

"बाबा, खालचा कागद वाचा. पटलं तरच सही करा. मी दुपारी येते."

खालचा कागद म्हणजे पालकाचं संमतिपत्र. सहीची जागा कोरी.

"आठ दिवस बॅगेत घेऊन फिरतेय," ती म्हणाली. "रोज जेवताना काढायचं ठरवायचे. तुम्ही थंडीचं काढलंत की परत ठेवायचे."

मी खिशातलं पेन काढलं. "आण इकडं."

"आत्ता नको."

"अगं, वेळ कुठंय?"

"चूक झाली म्हणून सही नको मला." ती उसवतच होती, वर बघितलंही नाही. "बाबा, खरं सांगा. मी जाऊ नये असं वाटत होतं ना तुम्हाला?"

"हो," मी म्हणालो.

"मग हे मुद्दाम केलंत का?"

"नाही!" मी ओरडलो. जरा जास्तच मोठ्यानं. खाई त्याला खवखवे म्हणतात. मी मुद्दाम केलं नव्हतं, असं मला वाटत होतं. पण सव्वीस वर्षांत मी कुणाचा लिफाफा कापला नव्हता. पावत्या, नकाशे, फोटो, काय काय घातलं लोकांनी आत, प्रत्येक वेळी कापायच्या आधी माझा हात थांबला होता. आज का थांबला नाही? हाताला डोक्याआधी काही कळलं होतं की काय? मी सुरी खाली ठेवली आणि पुढची चार पानं तिलाच सोडवू दिली.

पावणेतीनला सगळे कागद सुटे झाले. प्रत्येकाच्या डाव्या समासात तीन भोकं होती, पण फाटला एकही नव्हता. सरांचं पत्र कडेला केसभर कापलं गेलं होतं, अक्षराला धक्का नव्हता. मी खाकी कागद घेऊन दोन मिनिटांत नवा लिफाफा घडवला, कोरा, तोंड उघडं. दुकानाला तसंच कुलूप घातलं आणि आम्ही फाटकातून आत पळालो. पळाली ती. मी तिच्या मागं फेंगडत चाललो.

पत्र माझ्या हातात होतं. मी ते पालथं धरलं होतं. त्यात पोर बेताचीच आहे असं असेल, तर मला तिला अडवायला कारण मिळणार होतं. फार हुशार आहे असं असेल, तर माझ्याकडं एकही कारण उरणार नव्हतं. मला दोन्हीची भीती वाटत होती. पालथं ते पालथंच ठेवलं.

सर तोंडी परीक्षा घेत होते. दारावर पाटी, आत शिरू नये. मुंगी दारापाशी घुटमळली. मी शिरलो. सर बाहेर आले ते कपाळाला आठ्या घालूनच. मी पत्र पुढं केलं.

"हे कुणी फोडलं?"

"मी. मुलीचा काही संबंध नाही. मागच्या फाटकासमोरचा बाइंडर मी. तिन्ही बाजूंनी कापलं."

"वाचलंत?"

"नाही."

"उघडं पत्र हातात होतं आणि वाचलं नाहीत? पोटच्या पोरीचं?"

"आमच्यात वाचत नाहीत, सर."

सरांनी माझ्याकडं नीट बघितलं. "माझा प्रबंध तुम्हीच बांधला होता. म्हणजे तोही तुम्ही वाचला नसणार."

"नाही, सर."

"बरं झालं," सर म्हणाले. त्यांनी पत्र स्वतः एकदा वाचलं, भोकांवरून बोट फिरवलं, माझ्या लिफाफ्यात घालून चिकटवलं आणि तोंडावर या टोकापासून त्या टोकापर्यंत सही ठोकली. खाली तारीख आणि वेळ घातली, तीन वाजून वीस मिनिटं. मग मुंगीला म्हणाले, "पळ. आणि वडिलांना कागदांपासून लांब ठेव."

परदेशी विभागाच्या खिडकीवर एक बाई होत्या, चष्मा साखळीला अडकवलेला. त्यांनी कागद एकेक करून मोजले. "ही भोकं कसली?"

"माझी," मी म्हणालो.

 त्यांनी सरांची सही उजेडाकडं धरून बघितली, लिफाफा बाजूला ठेवला. गुणपत्रकं झाली, ओळखपत्र झालं. मग त्यांचा हात थांबला. "संमतिपत्रावर सही नाहीये."

 मुंगी खिडकीच्या लाकडी फळीकडं बघत उभी राहिली. घड्याळात चारला दहा कमी. मी पेन काढलं, आणि मग पेन फळीवर ठेवून आधी चष्मा लावला. सगळा कागद वाचला, पहिल्या ओळीपासून. बाई पेन्सिल आपटायला लागल्या, तरी वाचला. शेवटी लिहिलं होतं, माझी पाल्य सहा महिने परदेशात एकटी राहणार असून मला याची पूर्ण कल्पना आहे आणि माझी हरकत नाही.

"पूर्ण कल्पना नाहीये हो मला," मी बाईंना म्हणालो. "ती घरात नसली की घर कसं लागतं, ते मला कुठं माहितीये? एक दिवस राहिली नाही कधी बाहेर."

"मग काय करू? परत देऊ?"

"हरकत नाही, एवढं मात्र खरंय." मी मुंगीकडं बघितलं. "घरात रोज थंडी थंडी करत होतो ती मलाच वाजत होती. करू सही?"

तिनं फळीवरचं पेन उचलून माझ्या हातात दिलं.  मी सही केली.  बाईंनी गठ्ठा ओढून घेतला आणि शिक्का मारला. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "चार जागा आहेत. गुणांच्या अटीत बसणारे तीनच अर्ज आले होते. हा चौथा."

"म्हणजे?"

"म्हणजे तिकडचं पत्र आलं की बॅग भरायला घ्या."

दिवसभर मला धाक होता तो याच क्षणाचा. ती खरंच जाणार असं कळलं की आपल्याला काय वाटेल, याचा. आतून थोडं जरी वाईट वाटलं असतं, तर तो लिफाफा कुणी कापला याचं उत्तर मला मिळालं असतं आणि ते घेऊन मला त्याच घरात राहावं लागलं असतं. मी वाट बघत उभा राहिलो. आणि मला हसू फुटलं. अगदी खो खो. परदेशी विभागाच्या बाई चष्म्यावरून बघायला लागल्या. मुंगी आधी घाबरली, मग तीही हसायला लागली, आणि मग आम्ही दोघं पायऱ्यांवर येऊन बसलो.

"आईला फोन कर," मी म्हणालो. "सांग, अर्ज गेला. बाकीचं मी घरी सांगतो."

तिनं फोन काढला, पण लावला नाही.

"मुंगे," मी म्हणालो, "मी ते मुद्दाम केलं नव्हतं."

"माहितीये मला, बाबा."

"मला नव्हतं माहीत," मी म्हणालो. "आत्ता कळलं."