राइड नाही तर फोन नाही

माझी मुलगी मला सात आठवडे थापा मारत होती, आणि ते मला सायकलच्या एका व्हॉल्व्हवरून कळलं.

जानेवारीतला रविवार होता. चेस्टनटच्या जंगलातल्या ट्रेलवर सायकलने दोन फेऱ्या मारून मी बुकित बातोकला घरी परतलो होतो. गुडघ्यापर्यंत चिखल. घराखालच्या हॉकर सेंटरमधल्या एका खाण्याच्या गाळ्यावर कोपी, म्हणजे इथली कडक कॉफी, घेऊन बसलो आणि मोबाइलवर रुचिराचा फोटो मोठा करून पाहू लागलो. रुचिरा माझी एकुलती एक मुलगी, वय चोवीस. ऑगस्टपासून फिनलंडमध्ये औलू नावाच्या गावी मास्टर्स करतेय. दर शनिवारी ती तिकडे जाड टायरची सायकल चालवते, आणि बर्फात उभ्या केलेल्या सायकलचा फोटो आणि राइडचे आकडे मला पाठवते. निदान मी तसं समजत होतो.

फोटोत पुढच्या चाकाचा व्हॉल्व्ह खाली उजवीकडे होता, घड्याळात पाच वाजतात तिथे. मागच्या शनिवारचा फोटो उघडला. व्हॉल्व्ह पाचावरच. त्याच्या मागचा, पाचावर. फोटो वेगवेगळ्या कोनांतून काढलेले, कधी हँडल वळवलेलं, कधी सीटवर टोपी ठेवलेली, पण चाक एक बोटभरही हललेलं नव्हतं. चालवलेली सायकल दर वेळी तंतोतंत त्याच जागी येऊन थांबत नाही.

मग आकडे पाहिले. बारा किलोमीटर, बावन्न मिनिटं. बारा पूर्णांक एक, त्रेपन्न मिनिटं. परत बारा, बावन्न. एका शनिवारी तिकडे उणे चार होतं, दुसऱ्या शनिवारी उणे सव्वीस. वेळेत फरक एका मिनिटाचा.

मी तीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली, शेवटची बारा चीफ इंजिनिअर म्हणून. आता तुआस बंदराजवळ ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या इंजिनांची चौकशी करतो. ज्युनिअर इंजिनिअर खाली उतरून गेज वाचायचं सोडून एसीत बसतो आणि लॉगबुकात मनाने आकडे भरतो, त्याला आमच्याकडे फ्लॉग करणं म्हणतात. असे आकडे फार शहाणे असतात. खरं इंजिन इतक्या शहाण्यासारखं कधी वागत नाही. या एका गुन्ह्यासाठी मी दोन पोरांना पुढच्या बंदरात उतरवून घरी पाठवलंय आणि त्याबद्दल मला एक दिवसही वाईट वाटलेलं नाही.

आणि इथे माझ्या पोटची पोर मलाच फ्लॉग करत होती. तळपायाची आग मस्तकात गेली. कोपी तशीच टाकून उठलो.

हा सगळा प्रकार सुरू झाला ऑक्टोबरच्या शेवटी. तिकडे बर्फ पडायला लागला आणि रुचिरा फोनवर म्हणाली, "बाबा, इथे तीन-चारलाच अंधार होतो. कशालाच मोटिव्हेशन नाही."

हा शब्द माझ्या डोक्यात जातो. मलाक्काच्या सामुद्रधुनीत पहाटे चार वाजता पंप बंद पडला की कोणी मोटिव्हेशनची वाट बघत नाही. बॉयलरसूट चढवायचा आणि खाली उतरायचं. मी तिला तसं सांगितलं. शिवाय एक नियम घालून दिला. आठवड्याला एक राइड, शनिवार संपायच्या आत आकडे आणि फोटो. ते आले तर रविवारी आमच्या दुपारी तीनला, म्हणजे तिच्या सकाळी नऊला, नेहमीसारखा फोन. नाही आले तर नाही. राइड नाही तर फोन नाही.

माझी बायको संजीवनी तेव्हाच म्हणाली होती, "अहो, ती काय तुमच्या जहाजावर आहे का?"

"तू मध्ये पडू नकोस," मी म्हणालो.

पहिले दोन रविवार आकडे आले नाहीत. तीन वाजता फोन वाजला आणि मी तो टेबलावर वाजू दिला. संजीवनीने हात पुढे केला तेव्हा मी फोन उचलून खिशात टाकला. खिशात तो वाजत राहिला. दुसऱ्या रविवारी तिने तीनदा केला. तिसऱ्या आठवड्यात राइड आली. मी मिशीला पीळ दिला. इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात चारचौघांना ऐकवलंसुद्धा, पोरांना लाड नकोत, शिस्त हवी, माझी मुलगी उणे वीसमध्ये सायकल मारते. एक-दोघांनी आपापल्या मुलांकडे वळून पाहिलं.

आणि आता हे.

घरी आलो, आंघोळ केली, जेवलो नाही. संजीवनीला फोटो दाखवले, व्हॉल्व्ह दाखवला. तिने चष्मा लावून एकेक फोटो पाहिला. पहिल्या दोन फोटोंत व्हॉल्व्ह वेगळ्या जागी होता, पुढच्या सातांत पाचावर, हेही तिनेच मोजून सांगितलं.

"म्हणजे दोनदा खरंच गेली होती," ती म्हणाली.

"आणि सात वेळा खोटं बोलली."

"का बोलली असेल?"

"आळस. दुसरं काय?"

संजीवनीशी रुचिराचं अधूनमधून मेसेजवर बोलणं व्हायचं, पण त्यात 'ठीक आहे' आणि 'अभ्यास खूप आहे' याच्या पुढे काही नसायचं. ती फोटो परत परत बघत बसली.

तीन वाजता व्हिडिओ कॉल आला. रुचिरा पडद्यावर आली, सायकलिंगचं निळं जॅकेट घातलेलं, केस नीट विंचरलेले. मागे खिडकीत काळोख.

"हाय बाबा, हाय आई. काल मस्त राइड झाली. थंडी होती, पण..."

"पुढच्या चाकाचा व्हॉल्व्ह कुठे आहे?" मी विचारलं.

"काय?"

"खाली उजवीकडे. सात आठवडे तो तिथेच आहे. सायकल कुठे ठेवली आहेस?"

"बिल्डिंगच्या शेडमध्ये," ती म्हणाली.

"आणि हे बारा किलोमीटर कोणी चालवले? शेडने?"

मी आवाज चढवला. ऐकून घेणाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकावी, असं बोलायची मला सवय आहे आणि तीस वर्षांत ती उपयोगी पडली आहे. मी म्हणालो, सायकल चालवायची नसेल तर नको चालवूस, पण बापाला मूर्ख समजू नकोस. म्हणालो, तू माझ्या जहाजावर असतीस तर आज बॅग भरून धक्क्यावर उभी असतीस. म्हणालो, मी लोकांना सांगत सुटलो, मला मान खाली घालायला लावलीस. संजीवनीने माझ्या दंडावर हात ठेवला, मी तो झटकला.

रुचिरा ऐकत होती. रडत नव्हती, उलट उत्तर देत नव्हती. एरवी एका वाक्याला चार वाक्यं सुनावणारी मुलगी. मी शेवटी ओरडलो, "अगं, बोल की. का केलंस असं?"

"बिकॉज यू वोन्ट पिक अप, लाह," ती हळूच म्हणाली, तिच्या इथल्या शाळेतल्या इंग्रजीत. मग मराठीत म्हणाली, "राइड नाही पाठवली तर तुम्ही फोन घेत नाही ना."

"तू शेवटची बाहेर कधी गेली होतीस?" संजीवनीने विचारलं.

"दूध आणायला."

"कधी?"

रुचिराने आठवून पाहिलं. "अकरा दिवस झाले. बारा असतील. ते फोटो सगळे एकाच दिवशी शेडसमोर काढून ठेवले होते."

"आणि कॉलेज?"

"डिसेंबरपासून नाही गेले. आई, मी उठतच नाही. म्हणजे जाग येते, पण उठत नाही. फक्त रविवारी उठते. केस धुते, जॅकेट घालते. फोनसाठी." तिने जॅकेटची चेन वरखाली केली. "सॉरी, बाबा."

मला राग आला होता आणि तो कमी होत नव्हता, एवढं मला नीट आठवतं. फक्त तो आता तिच्यावर राहिला नव्हता. नोव्हेंबरातला तो फोन मला माझ्या खिशात पुन्हा वाजताना ऐकू आला. तीनदा. ती काळोखात एकटी बसून तिकडे फोन करत होती आणि मी इथे मनातल्या मनात रिंगा मोजत होतो. सतरा रिंगा झाल्यावर स्वतःवरच खूश झालो होतो, विरघळलो नाही म्हणून. त्या माणसाचं मुस्काट फोडावंसं वाटलं. त्या दोन पोरांना मी बंदरात उतरवलं तेव्हा ती खाली इंजिनरूममध्ये का उतरत नव्हती, हे मी कोणाला विचारलं होतं? एकालाही नाही. आकडे खोटे आहेत हे सापडलं की माझं काम संपायचं.

पुढचं सगळं संजीवनीने केलं. विद्यापीठात मुलांसाठी डॉक्टर असतो, त्याचा नंबर रुचिराकडून शोधून घेतला, सोमवारी सकाळी त्याला फोन करायचं तिच्याकडून कबूल करून घेतलं. आता उठून काहीतरी खा, म्हणून ती समोर बसून राहिली, रुचिराने ब्रेडला लोणी लावून खाल्लं तोवर. मग बुधवारच्या विमानाचं तिकीट काढलं, एकच.

"मी पण येतो," मी म्हणालो.

"नको," ती म्हणाली. ती कधी आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही. "तुम्ही आलात तर ती तुमच्यासाठी सायकल काढेल. तुम्ही इथून फोन करा. रोज करा."

सोमवारी ऑफिसात माझं कशात लक्ष नव्हतं. तीनला मीटिंगमधून उठलो, जिन्यात जाऊन उभा राहिलो आणि फोन लावला. रविवार नव्हता, मी काही मागवलं नव्हतं, कसले आकडे आले नव्हते. काय बोलायचं हे मी सकाळपासून ठरवत होतो. झोपलीस का, डॉक्टरला फोन केलास का, एवढ्यापर्यंत आलो होतो.

पहिली रिंग पूर्ण व्हायच्या आत तिने उचलला.

"बाबा, सॉरी," ती घाईघाईने म्हणाली, "आज पण राइडला नाही गेले."

"मी त्यासाठी नाही केला फोन."

जिन्यात वरच्या मजल्यावर कोणीतरी दार लावल्याचा आवाज आला.

"मग कशासाठी केलात?" तिने विचारलं.

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. तिला खरंच कळत नव्हतं.