पायाखालची चिंधी

त्या कारखान्यात एका मशीनवर दोघी बसत. सकाळी सासू, दुपारनंतर सून. सासूला सगळे थोरली म्हणत, सुनेला धाकटी. शेजारच्या मशीनवरची बाई म्हणायची, "चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. यांचं आपलं अर्धा दिवस सासूचा, अर्धा दिवस सुनेचा!" थोरली हसायची. पण मशीन मात्र तिचंच. त्याच्या डोक्यावरच्या स्क्रूला धाकटीने हात लावलेला तिला चालत नसे.

तो स्क्रू दाबाचा. मशीनचा पाय कापड दाबून धरतो, तो किती जोरात धरायचा हे स्क्रू ठरवतो. उंचावर काम करणाऱ्यांच्या कमरपट्ट्यांना स्क्रू आवळायचा, पिशव्यांच्या पातळ अस्तराला सैल करायचा. पट्ट्यावर दाब कमी पडला की सुई वर जाताना पट्टाही उचलला जातो आणि टाके सुटतात. काळ्या पट्ट्यावर काळा दोरा, सुटलेला टाका डोळ्याला दिसत नाही.

धाकटी नवी होती तेव्हा तिने एकदा स्वतःच्या अकलेने स्क्रू फिरवला होता. थोरलीने सगळ्यांसमोर तिची खरडपट्टी काढली. "हात दाखवून अवलक्षण! मी लावलेला दाब मीच बदलणार. पायाखालची चिंधी बघायची आणि तेच शिवायचं."

चिंधीची रीत सगळ्या कारखान्याची होती. उठणारीने शेवटी जे शिवलं त्याचा तुकडा पायाखाली दाबून जायचं. अस्तराचा तुकडा असला तर मशीन अस्तराला लावलेलं, पट्ट्याचा असला तर पट्ट्याला. बसणारीने विचारायचं कारण नाही.

धाकटीला दिवस गेले. थोरलीचा मुलगा दूर कामावर, घर दोघींच्या हातांवर. बाळाला अंगाला टोचणार नाही असं काहीतरी हवं म्हणून थोरलीने आपलं जुनं मऊ लुगडं फाडलं आणि एक दिवस जेवणाच्या सुट्टीत मशीनवर झबलं घेतलं. खाजगी शिवण कारखान्यात बंद. तिने स्क्रू पार सैल केला, नाहीतर ते झिजलेलं कापड चुरगळून दात्यांत गेलं असतं. गळ्याची शिवण घालत होती तेवढ्यात मुकादमाच्या चपला वाजल्या. झबलं पिशवीत कोंबलं, हाताला लागला तो पट्ट्याचा तुकडा पायाखाली सरकवला आणि ती उठली.

"काय थोरल्या बाई, सुट्टीतही मशीनला चिकटून?"

"ओढ आहे हो, म्हातारपणीची."

मुकादम हसला. भोंगा झाला, धाकटी येऊन बसली. थोरली घरी गेली. स्क्रू राहून गेला.

रात्री भाकरी थापता थापता धाकटी म्हणाली, "आई, आज मशीन वेगळंच वाजत होतं. पाय उडतोय असं वाटत होतं."

थोरलीला सैल राहिलेला स्क्रू आठवला. तोंडाने मात्र ती म्हणाली, "पोटुशीला सगळंच वेगळं वाटतं."

"चिंधी तर पट्ट्याचीच होती."

"मग झालं तर."

सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन तिने स्क्रू आवळला. आदल्या दिवसाचे पट्टे खोक्यात भरून गेले होते. खोकं कुठे गेलं ते विचारता आलं असतं. विचारलं असतं तर का, तेही सांगावं लागलं असतं. एवढ्या टाक्यांत चार सुटले तर काय होतं, असं तिने स्वतःलाच समजावलं, आणि ती कामाला बसली.

पाऊस उघडल्यावर एक रंगारी उंच भिंतीवरून पडला. पाळी बदलायच्या वेळी मुकादम त्याचा तुटलेला पट्टा घेऊन आला. पट्ट्यावर मशीनचा शिक्का होता आणि पाळीचा. दुपारची पाळी. त्याने धाकटीचं बोट धरून शिवणीवरून फिरवलं. "लागतंय का काही?"

धाकटीचं बोट थांबलं. "लागतंय."

"मग तेव्हा का नाही लागलं?"

धाकटी सासूकडे बघत राहिली. थोरली सुईत दोरा ओवत होती. दोरा ओवलेलाच होता.

धाकटीला घरी बसवलं. रंगारी दवाखान्यात होता. वाचला तर बोलू, नाही, वाचला तर बोलायची गरजच नाही, असं थोरली मनाशी म्हणत राही. खाई त्याला खवखवे. ती जेवेना. धाकटी तिच्यापुढे ताट सरकवी आणि काही विचारत नसे. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

रंगारी गेला. त्याची बायको कारखान्याच्या फाटकाशी येऊन बसली, ना रडत ना ओरडत. येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांचे हात बघत होती. थोरलीने हात पदराखाली घेतले आणि तशीच मुकादमाकडे गेली.

"चिंधी मी खोटी ठेवली होती," ती म्हणाली. मग झबल्यापासून सगळं सांगितलं.

"खोकं चार दिवस खाली गोदामातच पडून होतं, बाई," मुकादम म्हणाला. "तुम्ही एक शब्द टाकला असता तर टाके उसवून पुन्हा घातले असते. मी ओरडलो असतो, एवढंच." मग तो उठला. "सुनेचं काम आता परत देता येणार नाही. शिवलं तिनेच. आणि तुम्हीही उद्यापासून येऊ नका. वरचे लोक तुम्हाला बोलावतील, तेव्हा हेच सांगा."

ती घरी आली तेव्हा धाकटी भिंतीला पाठ लावून बसली होती. भरत आलेले दिवस, पाय सुजलेले. थोरलीने उभ्याउभ्याच सांगितलं.

"मला त्याच रात्री कळलं होतं," धाकटी म्हणाली. "तुमच्या पिशवीत झबलं होतं. गळ्याची शिवण अर्धी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून. आणि स्क्रूला मी का हात लावला नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे."

थोरली खाली बसली. समोर ट्रंकेवर झबलं घडी घालून ठेवलेलं होतं.

"जाळून टाकते ते," ती म्हणाली.

"जाळून काय घालू पोराला?" धाकटीने हात लांब करून झबलं ओढलं आणि सुई-दोऱ्याचा डबा तिच्यापुढे सरकवला. "गळा पुरा करा. हातानेच."

थोरलीने सुई घेतली. पहिलाच टाका वाकडा पडला. तिने तो उसवला आणि पुन्हा घातला. धाकटी बघत होती, आणि प्रत्येक टाक्यावरून बोट फिरवून पाहत होती.