पोत्याची साक्ष

मित्रांनो, मार खाण्यासाठीच ज्याचा जन्म झाला, असं एक जुनं पोतं मी आहे. बोरवडीच्या मारुतीच्या देवळाला लागून एक पत्र्याची खोली आहे. तिच्या आढ्याला साखळीनं मला टांगलेलं आहे. शिकलेली मुलं मला पंचिंग बॅग म्हणतात. गावातली जुनी माणसं मात्र ‘नाथाजीचं पोतं’ म्हणतात, आणि मला तेच नाव जवळचं वाटतं.

सुभेदार नाथाजी फौजेतून घरी आले, तेव्हा त्यांच्या खांद्यावर जाड कापडाची एक हिरवी पिशवी होती. त्याच कापडाचा माझा देह. इस्लामपूरच्या बाजारात चपला शिवणारे अर्जुनामामा होते, त्यांनी मला दुहेरी दोऱ्यानं शिवलं. माधवनगरहून कापडाच्या चिंध्यांची दोन बोचकी आली, वखारीतून लाकडाचा भुसा आला. टाके घालता घालता अर्जुनामामांनी विचारलं, “सुभेदार, एवढं दणकट शिवून ठेवणार काय ह्यात? ज्वारी?”

“मार,” नाथाजी म्हणाले.

अर्जुनामामांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, आणि टाका आणखी ओढून घेतला.

नाथाजींनी फौजेत बॉक्सिंग केलं होतं. गावातल्या पोरांना ते शिकवावं, ही त्यांची हौस. पण आमचं गाव कुस्तीचं. पोरं आठ दिवस आली, नाक फुटेल म्हणून घाबरली आणि पुन्हा तालमीत गेली. मग कितीतरी दिवस मला कुणी हात लावला नाही. एका चिमणीनं माझ्या साखळीवर घरटं बांधायला घेतलं, एवढा मी निरुपयोगी झालो होतो.

तरी देवानं मला उपाशी ठेवलं नाही. माझ्या पाठीशी देवळाची भिंत आहे. दर एकादशीला पलीकडं कीर्तन उभं राहतं. विणेकऱ्यानं पहिली तार छेडली की माझ्यातला भुसा हलतो. मृदंगावर थाप पडली की ती आधी भिंतीत येते आणि मग माझ्या पोटात. माणसं कीर्तन कानांनी ऐकतात, मित्रांनो. मी ते सगळ्या अंगानं ऐकलं आहे. महाराज अभंगाचं चरण घेतात, ते सोडवून सांगतात, आणि नुसतं सांगून थांबत नाहीत, त्याला संतांच्या वचनाचं प्रमाण देतात. प्रमाण मिळालं की टाळकरी झेप घेतात. तो क्षण आला की मला वाटायचं, मीही कुणाच्या तरी उपयोगी पडावं.

एके सकाळी बिराप्पा आपल्या मुलीला घेऊन आले. बिराप्पांची माणसं मूळची जतकडची, मेंढरं राखणारी. पूर्वी दरसाल आमच्या उसाच्या शिवारात खतासाठी मेंढरं बसवायला यायची. पुढं बिराप्पांनी इथंच थोडी जमीन घेतली आणि ते बोरवडीचे झाले. मुलगी बारा वर्षांची होती. तिचं नाव स्वप्नाली.

“आवं सुभेदार,” बिराप्पा म्हणाले, “पोरगी लय मारकी हाय. साळंतनं रोज तक्रार येती. तुमच्या पोत्याला मारू दे म्हंजी पोरास्नी मारायची न्हाई.”

“उद्या पाटं साडेपाचला धाडा. टिकली तर बघू.”

ती टिकली. नऊ वर्षं टिकली. नाथाजींची शिट्टी वाजायची, आणि काकड आरतीचा मृदंग सुरू झाला की तिचे पाय त्या ठेक्यात पडायचे. डावा, डावा, उजवा, आणि सम आली की मागं. नाथाजींनी हे तिला शिकवलं नव्हतं. हे तिनं भिंतीपलीकडून उचललं. पहिल्या वर्षी तिचा ठोसा म्हणजे मला गुदगुल्या होत्या. पाचव्या वर्षी तिनं माझी शिवण उसवली. तेव्हा भुसा जमिनीवर सांडला आणि नाथाजी रागावण्याऐवजी हसत हसत सुई-दोरा शोधायला गेले. माझ्या अंगावर आज सतरा ठिकाणी टाके आहेत. पैलवानाला जसा फुटक्या कानाचा अभिमान असतो, तसा मला त्यांचा आहे.

यंदा स्वप्नालीनं राष्ट्रीय स्पर्धेत सोनं जिंकलं. अंतिम लढत हरियाणाच्या मुलीशी होती. पाच पंच होते. तिघांनी स्वप्नालीला कौल दिला, दोघांनी त्या मुलीला. गावात गुलाल उधळला. सप्ताह कमिटीनं वेशीवर भला मोठा फ्लेक्स लावला. त्यावर लिहिलं होतं : ‘हरियाणाच्या मल्लिणीला चीतपट करणारी बोरवडीची वाघीण.’

मित्रांनो, यात कुणाचा खोटेपणा नव्हता. आमच्याकडं जिंकणं म्हणजे समोरच्याची पाठ मातीला लावणं. दुसरं जिंकणं कुणाला ठाऊकच नाही. लिहिणाऱ्यानं आपल्या ओळखीचा सर्वांत मोठा शब्द लिहिला. पण त्याच शब्दानं घोटाळा केला.

आमच्या गावची एक रीत आहे. हरिनाम सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन होतं, आणि काल्याची दहीहंडी त्या माणसानं फोडायची, ज्यानं त्या वर्षी गावाचं नाव मोठं केलं. यंदा तो मान स्वप्नालीचा, असं ठरलं होतं. बिराप्पांनी नवा फेटा आणून ठेवला होता. मेंढरांमागं या गावात आलेल्या माणसाच्या मुलीला गावाचा मान मिळणार होता. ते दिवसातून दोनदा माझ्या खोलीत येऊन उगीच खुंटीवरचे ग्लोव्ह्ज पुसून ठेवायचे.

सप्ताहाच्या सहाव्या दिवशी दुपारी माझ्या दारासमोरच्या कट्ट्यावर चहा चालला होता. कट्ट्यावर वीरधवल पैलवान बसला होता. आजवर चार वेळा हंडीचा मान त्यालाच मिळाला होता. त्यानं मोबाइलवर अंतिम लढतीचं चित्रण लावलं होतं.

“बघा की,” वीरधवल म्हणाला. “सुरवातीला ती हरियाणाची पोरगी हिला कशी कोपऱ्यात दाबती बघा. हितं पाठ लागली का कुणाची? न्हाई. गुडघा तरी टेकला का? त्योबी न्हाई. मग चीतपट कुठलं?”

“पंचांनी हात वर केला न्हवं हिचा,” कुणीतरी म्हणालं.

“तिघांनी केला. दोघांनी न्हाई केला. आर गड्या, आर्ध्या निकालाचं आख्खं सोनं कसं व्हतंय?”

हशा पिकला. बिराप्पा तिथंच उभे होते. त्यांच्या हातातला कप तसाच राहिला.

कीर्तनकार साळूबाई महाराज बाजूलाच खुर्चीत बसल्या होत्या. त्या वाईच्या, बोलायला गोड आणि कान तिखट. त्या म्हणाल्या, “पैलवान, शंका चांगली आहे. पण आमच्या कीर्तनात नुसतं बोलून भागत नाही हो. प्रमाण द्यावं लागतं. तुमचं प्रमाण मोबाइलात आहे. सुभेदार, तुमचं कुठं आहे?”

नाथाजींनी माझ्याकडं बोट केलं. “आत टांगलंय. पैलवान, तीन मिन्टाची एक फेरी आसती. ह्या पोत्याला न थांबता तीन मिन्टं मारून दाखीव. मग बोल.”

“पोतं काय परत मारतंय व्हय?” असं म्हणत वीरधवल उठला. सदरा काढून त्यानं मनगटाला पट्ट्या बांधून घेतल्या. सगळा कट्टा खोलीच्या दारात गोळा झाला.

पहिला ठोसा असा बसला की साखळी कडाडली. खरं सांगतो, एवढी ताकद मी कधी खाल्ली नव्हती. पण ताकद सगळी पहिल्या अर्ध्या मिनिटात आली. मग मी झुलायला लागलो. मी पुढं यायचो तेव्हा तो मागं, मी मागं जायचो तेव्हा त्याचा ठोसा हवेत. एकदा मी त्याच्या छातीवर जाऊन आदळलो. मिनिट होतं न होतं तोच त्याचे हात कमरेपर्यंत उतरले.

“काय रं पैलवान, पोतं आंगावर आलं का?” दारातून आवाज आला.

थोड्या वेळानं वीरधवलनं मला मिठी मारली आणि तो तसाच धापा टाकत उभा राहिला. नाथाजींनी घड्याळ बघितलं. “दीड मिनिट. आसल्या तीन फेऱ्या मारती ती. आन समोर पोतं नसतंय, उलटं मारनारी पोरगी आसती.”

मला वाटलं, झालं, साक्ष पटली. पण वीरधवल साधा माणूस नव्हता. दम खाऊन तो म्हणाला, “मेहनत कबूल. लय मेहनत हाय. पर सुभेदार, माझा सवाल ऱ्हायलाच की. ही पोत्याची गोष्ट झाली. त्या पोरीला हरवलं का न्हाई, ते पोतं कसं सांगंल?”

त्याचं खरं होतं, मित्रांनो. मी तिचे हजारो ठोसे सांगू शकत होतो. पण त्या दिवसाचे ठोसे मी खाल्ले नव्हते.

तेव्हा गर्दीमागून स्वप्नाली पुढं आली. ती कधीची ऐकत होती कोण जाणे.

“दादा, मी ती लढत वीस येळा बघितली,” ती म्हणाली. “पयली फेरी तिचीच हाय. मी घाबरले होते. पाय हलत न्हवते माझे. दुसऱ्या फेरीत मी सावरले. तिसरी माझी. पाचही पंचांनी तिसरी मला दिली. तिच्यापरास मी भारी हाय का, ते मला ठावं न्हाई. त्या दिवशी दोन फेऱ्या भारी होते, एवढंच.”

“मग?” वीरधवल म्हणाला.

“मग काय न्हाई. मान द्या, नका देऊ. पर येशीवर चीतपट लिव्हलंय, तेवढं काढा. मी कुणाची पाठ लावली न्हाई. ती हरियाणाची पोरगी उद्या बघंल तर मला काय म्हणंल?”

बिराप्पा हळूच म्हणाले, “आगं, आपल्या तोंडानं कशाला सांगायचं?”

“आप्पा, खोटं नाव घिऊन रिंगणात उतरलं की हात जड हुत्यात.”

देवळात कुणीतरी मृदंगाला कणीक लावून बघत होतं, तेवढी एकच थाप ऐकू येत होती. वीरधवल मनगटाच्या पट्ट्या सोडत बसला. बराच वेळ लागला त्याला.

मग तो खाली बघतच बोलला. “जतकडच्या एका मैदानात माझी कुस्ती झाली ती. समोरच्याचा एकच खांदा लागला व्हता. दुसरा चार बोटं वर व्हता. पंचाला दिसलं न्हाई, मला दिसलं. मी फेटा बांधून घेतला. त्याच साली पयल्यांदा हंडी फोडली मी.” त्यानं पट्टी गुंडाळून नाथाजींच्या हातात दिली. “आज सात वर्सं झाली. कुणी इचारलं न्हाई, आन मीबी सांगितलं न्हाई.”

साळूबाई महाराजांनी हात जोडले. कोणाला जोडले ते मला कळलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, “मिळालं प्रमाण.”

संध्याकाळच्या आत फ्लेक्सवर पांढरा कागद चिकटवला गेला. त्यावर रंगानं नवी ओळ आली : ‘तीन विरुद्ध दोन पंचांच्या निकालानं सुवर्णपदक जिंकणारी स्वप्नाली बिराप्पा.’ अक्षर जरा वाकडं होतं. पण वेशीतून जाणारा प्रत्येक माणूस थांबून ते वाचायचा आणि पुढं गेल्यावर दुसऱ्याला समजावून सांगायचा की बॉक्सिंगमध्ये पाच पंच असतात. एका दिवसात सगळं गाव जाणकार झालं.

दुसऱ्या दिवशी काल्याचं कीर्तन झालं. मला पलीकडचं दिसत नाही, पण भिंतीतून सगळं कळतं. कीर्तनाच्या उत्तरार्धात साळूबाईंनी गोपाळांचा काला सांगितला. प्रत्येकानं आपल्या घरची शिदोरी आणली, कुणाची ताकाची, कुणाची शिळ्या भाकरीची, आणि देवानं कुणालाही ‘तुझी दह्याची आहे का’ असं विचारलं नाही. टाळ असे वाजले की पत्र्यांनी ताल धरला. मग हंडीची वेळ झाली. गर्दीत एकच गलका झाला आणि पाठोपाठ नाथाजींचा आवाज आला, “पैलवान, तू खाली बसतोस?”

“मग कोण बसणार? आवो, आख्ख्या गावात माझ्याएवढा खांदा कुणाचा हाय?”

वीरधवलच्या खांद्यावर पाय ठेवून स्वप्नाली चढली. नाथाजींनी मागाहून मला सांगितलं, हो, ते एकटे असले की माझ्याशी बोलतात, की हंडी तिनं डाव्या सरळ ठोशानं फोडली. दही वीरधवलच्या डोक्यावर आणि बिराप्पांच्या नव्या फेट्यावर सारखंच पडलं.

त्यानंतरच्या पहाटेची गोष्ट सांगतो आणि थांबतो. सात दिवसांच्या जागरणानं सगळं गाव झोपलं होतं. काकडाही उशिरा होणार होता. साडेपाचला दार वाजलं. स्वप्नालीनं पट्ट्या बांधल्या आणि नाथाजींना म्हणाली, “काका, दुसरी-तिसरी नको. आज नुसती पयली फेरी. पुन्हा पुन्हा पयलीच.”

शिट्टी वाजली, आणि पहिल्याच क्षणाला तिचा ठोसा माझ्या बरगडीत बसला. नऊ वर्षांत शिट्टीनंतर ती इतक्या लवकर कधी अंगावर आली नव्हती. मृदंग नव्हता, तरी पाय ठेक्यात होते. सहाव्या वेळी माझी शिवण अठराव्या ठिकाणी उसवली.

म्हणून मित्रांनो, एक मागणं आहे. कुणाचं नाव खरं की पोकळ, यावर वाद घाला, जरूर घाला. पण तोंड उघडण्याआधी त्या माणसाच्या पोत्याजवळ तीन मिनिटं घालवा. आणि तुमच्या गावात माझ्यासारखं कुणी अडगळीत टांगलेलं असेल, तर त्याच्यावरची धूळ झटका, साखळीला तेल द्या, उसवलं असेल तिथं दोन टाके घाला. मला तर आज टाके पडणारच आहेत. नाथाजी सुई ओवत बसले आहेत, आणि त्यांच्या डोळ्यांना आता नेढं दिसत नाही, म्हणून दोरा स्वप्नाली धरून उभी आहे.