टीबीच असू दे

दिलीप सोमलवारच्या मानेवरची गाठ आधी कुसुमच्या हाताला लागली. रविवारी नवऱ्याच्या डोक्याला तेल लावताना, कानाखाली, सुपारीपेक्षा मोठी. तिचा हात थबकला.

"दुखतं का हो?"

"नाही. महिना झाला असेल. तू घाबरशील म्हणून बोललो नाही."

नऊ वर्षांपूर्वी, नागपूरहून भोपाळच्या कारखान्यात लागल्यावर वर्षभरातच त्याला फुप्फुसाचा टीबी झाला होता. कुसुमने कारखान्याच्या टाउनशिपमध्ये कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. टायफॉइड म्हणून सांगायची, शेजारणींना दारातूनच वाटेला लावायची. गोळ्या पुऱ्या झाल्या, दिलीप खडखडीत बरा झाला. आता पुन्हा ताप, पुन्हा घामाने चिंब बनियन. दुखणं उलटलं, असंच तिने धरलं.

दवाखान्यात डॉक्टर वैजयंती खरेंनी मान, काखा, पोट चाचपलं. जुने कागद वाचले.

"त्याच गोळ्या पुन्हा ना?" कुसुमने विचारलं.

"इतक्यात नाही. आधी गाठीचा तुकडा तपासू. टीबी असेल, तर औषध आहेच. पण लिम्फोमाही असू शकतो, म्हणजे गाठींचा कॅन्सर. टीबी झालेल्या सगळ्यांना तो होत नाही, पण त्यांच्यात धोका थोडा जास्त दिसतो."

रिपोर्टला दहा दिवस होते. दिलीप ड्यूटीवर गेला की कुसुमचं कशात लक्ष लागेना. लेकीची, मंगलाची, वेणी घालता घालता तिची बोटं पोरीच्या मानेवर फिरत.

"आई, गुदगुल्या होतात!"

नवव्या दिवशी जवळच्या पिपलानी भागातल्या देवळात तिने हात जोडले. "देवा, टीबीच असू दे." ज्या रोगाचं नाव घ्यायला तिची जीभ रेटत नव्हती, तोच ती मागत होती.

रिपोर्टमध्ये लिम्फोमा निघाला.

"तेव्हा एकही गोळी चुकवली नव्हती मी," दिलीप पुटपुटला.

"तुमची काही चूक नाही," डॉक्टर म्हणाल्या. "लवकर आलात. यावर उपचार आहेत."

कुसुमने खुर्चीचा हात घट्ट धरला. "कधीपासून सुरू करायचे?"

सोमवारपासून सुरू झाले. या वेळी तिने शेजारच्या नलिनीताईंना खरं सांगितलं, आणि मंगलाला त्यांच्याकडे ठेवून ती दर खेपेला सोबत गेली. केमोथेरपीच्या सहा फेऱ्यांनंतर गाठ उरली नाही. दिलीप कामावर रुजू झाला. पण दर तीन महिन्यांनी तपासणी असते, आणि तिच्या आदल्या दिवशी कुसुमच्या घशाखाली घास उतरत नाही.